पांतेलीसला माती घेत नाही

१२ मे

काढता आला नाही. पुरून तीन वर्षं झाली म्हणून गावच्या रीतीप्रमाणे आज पांतेलीसची हाडं काढून, वाइननं धुऊन पेटीत ठेवायची होती. खणणाऱ्यानं मध्येच फावडं टेकवलं — "बाई, अजून वेळ आहे. नवरा जसाच्या तसा आहे तुमचा." पुन्हा माती लोटली.

परतताना वन्सं म्हणाल्या, "वहिनी, कुणीतरी माझ्या भावाला माफ केलेलं नाही. म्हणून माती त्याला घेत नाही." आणि माझ्याकडे बघितलं!

१३ मे

तीस वर्षं शाळेत तर्कशास्त्र शिकवलं मी! मातीच चिकण, त्यात ओल, त्यात शेवटच्या वर्षी मूठ मूठ गोळ्या — देह कुजेल कसा! तेलघाणीवाला थानोस मेला तेव्हा सगळं गाव त्याला शिव्या घालत होतं, त्याची मात्र तीन वर्षांत स्वच्छ हाडं निघाली. उलटं उदाहरण एक पुरतं.

वन्संना हे सगळं सांगितलं. "तुम्ही शिकलेल्या," म्हणाल्या आणि वाटाणे सोलत बसल्या.

१५ मे

पांतेलीस असता तर मुद्दाम बहिणीची बाजू घेतली असती.

तोंड उघडायच्या आत विचारायचा, "आरेती, भांडायचंय की पटवायचंय? आधी सांग." भांडायचं असेल तर खिडक्या उघडायचा — शेजाऱ्यांचीही करमणूक होऊ दे! पटवायचं असेल तर कॉफी ठेवायचा. माझं म्हणणं आधी स्वतः म्हणून दाखवायचा, माझ्यापेक्षा नीट, आणि मगच खोडायचा. अंजिरं किती दिवस उन्हात ठेवायची यावर अख्खा ऑगस्ट गेला होता एकदा. काय दिवस होते! आता घरात सगळं माझ्याच मनासारखं होतं. फार कंटाळा येतो.

१६ मे

आमचा शेवटचा वाद त्याच्या ऑपरेशनचा. मी सहा कारणं दिली. त्यानं सहाही नीट म्हणून दाखवली. म्हणाला, "सगळं बरोबर आहे, आरेती. पण मला नाही करायचं."

हे काय कारण झालं? खोडून तरी दाखवायचं! चार दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तो गेला.

१७ मे

वन्संनी दारात वाटाण्यांची भाजी ठेवली. हाक मारली नाही.

१९ मे

एकटीच कबरीवर जाऊन आले. वन्संचा युक्तिवाद साफ चुकीचा आहे, आजही तेच म्हणेन. पण युक्तिवाद चुकला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, हे मीच पोरींना शिकवायचे. मी त्याला माफ केलेलं नव्हतं. आज केलं.