शाळेतल्या म्हशी

बाबाजान,

तुम्हाला आणि आईला सलाम. इथे वर कोहिस्तानात आत्याकडे मी सुखरूप आहे. मक्याची रोटी आणि ताक पोटभर मिळतं.

मुलींच्या शाळेची मोहीम कुठवर आली, असं तुम्ही विचारलंत. शाळेची इमारत आहे, पण गावचा मुखिया मलिक दौरान, त्याने तिचा गोठा केलाय. मी घरोघर फिरून मुलींच्या आयांना राजी केलं. काल आम्ही सगळ्या मुली शाळेच्या अंगणात, शेणाच्या बाजूलाच बसलो आणि मोठमोठ्याने 'अलिफ, बे' अशी मुळाक्षरं म्हणू लागलो.

मलिक काठी घेऊन धावत आला. "बापाने लाज शिकवली नाही का गं तुला?"

"शिकवली ना काका. वाचायलाही शिकवलं."

तेवढ्यात त्याचीच नात स्पोगमई आमच्यातून उठली. "आजोबा, म्हशी तुम्ही सोडताय की मी सोडू?"

दाराआडच्या बायका फिसकन हसल्या. शेवटी मलिकने एका खोलीतल्या म्हशी सोडल्या.

आज त्या खोलीत वर्ग भरला, पण स्पोगमई आली नाही. तिच्या लग्नाची बोलणी सुरू झालीत म्हणे. उद्या तिच्या आजीला भेटायला जाणार आहे. माझं मन कशातच लागत नाही.

माझ्या या शाळेवरून तुम्हाला धमकावणारी ती माणसं आपल्या दुकानासमोर अजून येऊन बसतात का? आईची झोप कशी आहे? आत्याच्या दारावर काल दगड आला, ते आईला सांगू नका.

आणि बाबा, 'परत ये' असं लिहू नका. तुम्ही लिहिलंत, तर मला यावंच लागेल.

तुमची,
वगमा