ब्रुनोला का बसवलं

रविवार, ५ ऑक्टोबर. फ्रिस्को, टेक्सस.

१. गुरुवारच्या सरावात आमच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन ब्रुनो याचा वेग नेहमीच्या निम्म्यावर आला. जीपीएसच्या आकड्यांचा रिपोर्ट मी करते; त्यात त्याचं नाव लाल, म्हणजे धोक्याचं, केलं.
२. रिपोर्ट पाहून प्रोफेंनी, म्हणजे कोचनी, त्याला शनिवारी बाकावर बसवलं.
३. ०-१ने हरलो. सीझन संपला.
४. आज गुरुवारचा व्हिडिओ फाइल करताना दिसलं की आलेखात ब्रुनो चालतोय त्या क्षणी व्हिडिओत तो धावतोय. जोरात.
५. बाकीच्या खेळाडूंचे आलेख लावून पाहिले, शेवटी इव्हानचा. तो ब्रुनोच्या धावण्याशी सेकंदाला सेकंद जुळला. शर्टाच्या आत घालायच्या जीपीएसच्या बंड्यांची दोघांनी अदलाबदल केली होती.
६. इव्हान गुडघ्याच्या ऑपरेशननंतर नुकताच परतलाय. लाल आकडा त्याचा.
७. हे आत्ता फक्त मला माहीत आहे.

तीनदा तपासलं. चौथ्यांदा गरज नव्हती, तरी तपासलं.

सोमवार, ६ ऑक्टो.

प्रोफेंची मुलाखत पाहिली. "निर्णय माझा होता." एवढंच. रिपोर्टचा उल्लेख नाही. जीएमना, म्हणजे क्लबच्या जनरल मॅनेजरना, वाटतं, ऑगस्टमध्ये प्रोफेंचं आणि ब्रुनोचं वाजलं होतं, त्याचा हा सूड. प्रोफेंचा करार चालू ठेवायचा की नाही, यावर गुरुवारी मीटिंग.

प्रोफे उरुग्वेचे. तिकडे कोचला प्रोफे म्हणतात, म्हणून इथेही सगळे म्हणतात. सतराव्या वर्षी पहिली मॅच, सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला. मग शाळकरी मुलांच्या टीम, इक्वेडोर, मेक्सिको, आता टेक्सस. आत्तापर्यंत तीनदा नोकरीवरून काढलंय. "तिन्ही वेळा बरोबर काढलं," असं स्वतःच हसून सांगतात. यावेळी काढलं तर ते बरोबर नसेल.

ब्रुनोला विचारलं, बंडी का बदललीस. म्हणाला, दुखापतीतून परतणाऱ्याने पहिला आठवडा चांगल्या पायांच्या माणसाचं काहीतरी अंगावर घालायचं, अशी पद्धत आहे. ती सुरू केली प्रोफेंनीच. त्यांचा गुडघा गेला तेव्हा त्यांच्या कॅप्टनने त्यांना स्वतःचे मोजे दिले होते.

"माझे मोजे इव्हानला होईनात," ब्रुनो म्हणाला.

मी का विचारतेय ते त्याने विचारलं नाही. सध्या कुणाशीच फार बोलत नाही. लॉकर रिकामा करतोय, असं दिसलं.

दोन वर्षांत ही पद्धत मला कुणी सांगितली नव्हती. मीही कधी विचारलं नव्हतं.

मंगळवार, ७ ऑक्टो.

मंजिरीमावशींच्या वरच्या खोलीत राहते मी. त्या रिटायर्ड पॅथॉलॉजिस्ट, मूळ नागपूरच्या. जेवताना एका मैत्रिणीची गोष्ट म्हणून सगळं सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या,

"म्हणजे मैत्रिणीने बंडीवरचा नंबर वाचला, आतल्या माणसाकडे पाहिलंच नाही. आम्ही नळीवरच्या लेबलवर थांबत नव्हतो गं. पेशंटला नाव विचारायचो."

मी पोळीचा तुकडा मोडत राहिले.

"मैत्रिणीला म्हणावं, उद्या सांगून टाक. आणि भाजी गार होतेय तुझी."

नोकरी गेली तर व्हिसावर इथे राहायला फक्त साठ दिवस. त्यापुढचा हिशेब केला नाही.

बुधवार, ८ ऑक्टो.

सांगितलं. सकाळी दहा, प्रोफेंची केबिन. चार मिनिटं लागली. दोन्ही आलेख समोर ठेवले, व्हिडिओ लावला, चूक माझी, असं सांगितलं.

प्रोफेंनी तो तुकडा परत लावायला सांगितला. मग अजून एकदा. मला वाटलं, चिडायला वेळ घेतायत.

"म्हणजे तो खरंच धावत होता," ते म्हणाले.

हो म्हटलं.

"गुरुवारी मला तो चांगला दिसला होता, इंखेनिएरा." बाई इंजिनिअरला तिकडे असं म्हणतात, मला नावाने कधी हाक मारत नाहीत. "मग तुझा कागद आला. मला वाटलं, माझी नजर गेली. पाय गेले तेव्हा मी कोच झालो. नजर गेली तर काय होणार?"

ते चार रात्री झोपले नव्हते म्हणे. खिडकीशी जाऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. थोड्या वेळाने कॉफी मागवली. दोन कप.

जीएमना सांगायचं नाही, म्हणाले. "कागद तुझा, टीम माझी. माझी चूक माझ्याकडेच राहू दे." मी कबूल केलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.  

गुरुवार, ९ ऑक्टो.

मीटिंगच्या आधी प्रोफेंनी टीमसमोर सगळं सांगितलं. ब्रुनोची माफी मागितली. माझं नाव घेतलं नाही. मी हात वर केला आणि बंड्या मी तपासल्या नाहीत, असं सांगितलं. 

ब्रुनो उठला. मग इव्हानकडे वळला. "दोन दिवस मी बायकोला सांगत होतो की मी म्हातारा झालो. तुझ्यामुळे."

इव्हान म्हणाला, "इतका हळू पळतो मी?"

सगळे हसले. मीही. ब्रुनोने जाताना माझ्या टेबलावर बंडी आणून टाकली. नंबर वर करून.

मीटिंगमध्ये प्रोफे रिपोर्टबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, असं कळलं. निर्णय पुढच्या शुक्रवारी, १७ तारखेला.

शुक्रवार, १० ऑक्टो.

सकाळी प्रोफेंना गाठलं. जीएमना लिहिणार आहे, असं सांगितलं. परवानगी मागितली नाही.  "उरुग्वेत असतीस तर तुला सेंटर बॅक केलं असतं," म्हणाले आणि मैदानावर गेले. सेंटर बॅक म्हणजे गोलपुढे उभा राहून अडवणारा; ही हरकत नव्हती, असं मी धरलं.

अकरा वाजता पाठवलं. इथे मराठीत उतरवून ठेवते:

"२ ऑक्टोबरच्या रिपोर्टमध्ये ब्रुनोच्या नावासमोर दिलेले आकडे इव्हानचे होते. कोणी कोणती बंडी घातली हे तपासणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. कोचनी ब्रुनोला बसवलं ते या आकड्यांवरून. दोन्ही आलेख आणि व्हिडिओ जोडले आहेत. त्यांच्या कराराचा निर्णय घेण्याआधी हे पाहावं. पाहिलं की नाही, ते कृपया बुधवार, १५ ऑक्टोबरपर्यंत कळवा."