रुफिल्लाची ओळ

३ मार्च १९८१
पुस्तकाची शेवटची प्रुफं आली. अकरा वर्षं लागली! आमच्या गावच्या चौकातला स्तंभ चारही बाजूंनी वाचून झाला. वर सगळी रोमन बादशहाची स्तुती, इजिप्तच्या चित्रलिपीत कोरून घेतलेली. माझी खरी ओळ पश्चिमेला, अगदी खाली. ओठ, पिल्लू, साप, सिंह, गिधाड — र, उ, फ, ल, अ. रुफिल्ला. स्तंभ उभारणाऱ्याची मुलगी. जगात दुसरीकडे कुठेच तिचं नाव नाही.

८ मार्च, रविवार
बाबांकडे जेवायला गेले. प्रुफातला त्या ओळीचा फोटो दाखवला. भिंग लावून बराच वेळ बघत बसले. मग हसले.
"हे पिल्लू माझं आहे."
मला वाटलं, म्हातारपण.
"अगं, त्रेचाळीसच्या बॉम्बनं खालचा तुकडा निखळला होता. लढाईनंतर तिथं दगड मीच बसवला. इंजिनिअर म्हणाला, सबातो, कोरं दिसतंय, वरच्यासारखं काहीतरी कोर. वर बघून बघून कोरलं. पिल्लू जमेना, म्हणून आपल्या कोंबडीचं काढलं."
"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"
"तू विचारलंस कधी? शिकलेली तू. पाथरवटाला काय विचारणार?"
पानातलं तसंच टाकून उठले.

९ मार्च
चौकात गेले. पिल्लाला बोट लावून पाहिलं. कोंबडीचंच आहे. आता दुसरं काही दिसतच नाही.

११ मार्च
नेपल्सला, पुस्तक काढणाऱ्या मार्तुच्ची सरांना फोन केला. पुस्तक थांबवा म्हटलं. चिडले असते तर बरं झालं असतं. "होतं असं, एर्सिलिया" — एवढंच, फार हळू.

१४ मार्च
रुफिल्ला मेली असंही म्हणता येत नाही. जन्मलीच नव्हती. तरी आज वर्गात शिकवता शिकवता तिच्यासाठी रडू आलं. मुली घाबरल्या.

२२ मार्च
दोन रविवार गेलेच नाही. बाबांची शेजारीण सांगून गेली — "नीट जेवत नाहीत. पोरीचं वाटोळं मी केलं म्हणतात." मला दया आली नाही. काय झालंय मला?

२९ मार्च
शेवटी गेले. पाव मोडता मोडता बाबा म्हणाले, "तो दगड नवा नव्हता. जुनाच. सरळ बसेना, म्हणून पालथा बसवला. मागची कोरी बाजू बाहेर आली, तीवर मी कोरलं. पूर्वीची चित्रं आत आहेत."
"किती?"
"सगळी. एकालाही छिन्नी लावली नाही."