मुंढा आणि चाकांचं अंतर

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या शिवणक्लासची ती आकुर्डीची चाळसुद्धा आता उरली नाही. तिथं उंच बिल्डिंग झालीय, खाली मोबाइलची दुकानं. मी तीच, चौथी शिकलेली, टेप उलटी धरायची म्हणून तुम्ही जिला हसायचात. अक्षर वाकडं येतंय, पण आज मला फार आनंद झालाय आणि तो सांगायला तुमच्याशिवाय कुणी सुचेना. घरातल्यांना सांगून झालं. ती म्हणतात, आई, हे तू तिसऱ्यांदा सांगतेयस.

माझा लेक आठवतो का, तुमच्या मशिनखाली चिंध्या गोळा करत बसायचा? आता त्याचे केस पांढरे झालेत. चाकणच्या एका कंपनीत ड्रॉइंग काढतो. गाड्यांच्या कारखान्यात पार्ट इकडून तिकडं न्यायला लोखंडी ट्रॉल्या लागतात, त्यांची. कुणाला लांब हवी, कुणाला उंच, म्हणजे दर वेळी ड्रॉइंग पहिल्यापासून. माझी नात इंजिनियर होऊन त्याच कंपनीत लागली. साहेबांनी बापलेकीला मिळून काम दिलं. बापानं ट्रॉलीचे नियम सांगायचे, लेकीनं ते कॉम्प्युटरला शिकवायचे. मग नुसती लांबी, उंची, वजन टाकलं की ड्रॉइंग आपोआप निघणार.

महिन्यापूर्वी एका रविवारी दोघं स्वयंपाकघरात टेबलाशी बसली. मी तिथंच गवार निवडत होते. लेक सांगतोय, "लांबी सहा फुटांच्या वर गेली की मधे एक पाय वाढव. वजन वाढलं की पाइप जाड घे." नात टाइप करतेय. मग मला म्हणाली, "आजी, हा आकडा तू बदल." मी भीत भीत बटण दाबलं, तर बाई, ट्रॉली लांब झाली आणि मधे एक पाय उगवला! मी ओरडलेच. "अगं, हे तर आमच्या बाईंचं!" तुम्हीही फळ्यावर एकेका बाईचा ब्लाउज थोडाच काढायचात? छातीचा चौथा भाग, त्यात शिलाईचं इतकं, खांदा इतका. छातीचा आकडा बदलला की सगळा ब्लाउज बदलायचा. खडूनं माखलेला तुमचा पदर मला तिथं टेबलाशी दिसला.

तेवढ्यात नातीनं विचारलं, "पप्पा, उंच ट्रॉलीची चाकं एकमेकांपासून किती लांब घ्यायची?" ट्रॉल्या एकामागं एक जोडून छोट्या गाडीनं ओढतात ना, चाकं जवळ असली तर उंच ट्रॉली वळणावर कलंडते. लेक म्हणाला, "ते नको लिहू. ते दर वेळी मी बघीन."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

त्याचं कारण मला माहीत होतं. आदल्या दिवशी त्याच्या ऑफिसातला एकजण चहाला आला होता. म्हणाला, "राव, सगळं ओतू नका त्याच्यात. एखादी गोष्ट खिशात असू द्या. नाहीतर साहेब विचारतील, आता तुमचं काय काम?" लेक बिस्कीट चहात धरून बसला, ते पडलं तरी कळलं नाही त्याला. या वयात दुसरीकडं कोण घेणार हो त्याला?

तुम्हीही तसंच म्हणायचात. पाठ, पुढा, बाही, पट्टी, सगळं शिकवायचात, आणि मुंढा आला, बाही जिथं जोडायची तो गोल आला, की "माझ्याकडं आणा." मग आमच्याकडं पाठ करून खिडकीशी वळायचात. म्हणायचात, "या बाजूनं उजेड बरा येतो." मी एकदा मान उंच करून बघितलं, तर टेपचं पितळी टोक हातावर बसलं. "सगळं आजच शिकलीस तर उद्या येशील कशाला?" सगळ्या हसल्या. मीही हसले. आता हसू येत नाही. तुम्ही एकट्या, पदरात मुलगी, आणि आम्ही बाया पुन्हा आलो तरच तुमची चूल पेटणार.

मग ऐन लग्नसराईत ताप काय येतो आणि तुम्ही जाता काय. माझ्या नणंदेचा लग्नातला ब्लाउज तसाच कापायचा राहिलेला. मी मुंढा अंदाजानं कापला. बोहल्यावर तिनं हार घालायला हात उचलले, तर ते वर जाईनात. जोर केला तशी काखेत शिवण टरकली. भरल्या मांडवात रडली पोर. मला तुमच्या जाण्याचं दुःख व्हायला हवं होतं, बाई, पण रागच आला होता.

हेच मी त्या रविवारी टेबलाशी लेकाला सांगितलं. नात म्हणाली, "मग आत्याआजीनं हार घातला कसा?" म्हटलं, "नवरदेवानं मान खाली घातली. तेव्हापासून ती खालीच आहे." नात पोट धरून हसली. लेक हसला नाही. म्हणाला, "तुझ्या बाई का दाखवत नव्हत्या?"

"पोटासाठी."

"मग मी काय वेगळं करतोय?"

म्हटलं, "ब्लाउज फाटला तर वर शाल घेता येते रे. ट्रॉली कलंडली तर खाली कुणाचा तरी पाय असतो." तो उठून गॅलरीत गेला. माझी गवार निवडून झाली तेव्हा परत आला आणि लेकीला म्हणाला, "लिही." तो सांगत गेला तशी पडद्यावर चाकं आपोआप लांब सरकली.

त्या ड्रॉइंगवरनं पहिली उंच ट्रॉली बनली, आणि आज दुपारी कंपनीतून त्याचा फोन आला. मागं खडखडाट चाललेला. "आई, वळली गं. भरलेली ट्रॉली नीट वळली." एवढंच बोलला. त्याचाच हा आनंद. नोकरीचं विचाराल तर साहेब नुसतं "बघू" म्हणालेत. तो ऑफिसातला माणूस आता चहाला येत नाही. लेक जेवताना गप्प असतो आणि मी उगीच त्याला आणखी एक भाकरी वाढते.

हे कुठल्या पत्त्यावर टाकू? मशिनच्या खणात ठेवते. तुमच्या लेकीनं आठवण म्हणून मला दिलेला तुमचा जुना ब्लाउज त्याच खणात आहे. तो उसवून, रद्दीचे कागद कापून कापून मी मुंढा शिकले. आता सून माझ्याकडून शिवण शिकतेय. परवा म्हणाली, "आई, मुंढा आला की तुम्ही नेहमी खिडकीकडं का वळता?"

मी म्हटलं, या बाजूनं उजेड बरा येतो.