दोन पाइपांवर एकच ‘ग’

ती. दाजींस,

गुंडाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (डोकं सध्या कामाचं न्हाई, तवा तिथंच राहू द्या). मेढ्याला थंडी लय पडली असंल. अक्काचे गुडघे काय म्हणत्यात? तुमचा खोकला हटला का?

आमच्या मंगल कार्यालयाच्या मालकीणबाई, विजयमालाकाकी, यांनी डिझेलचा बॉयलर मोडीत घातला. आता गच्चीवर आठ पेट्या, सगळ्या विजेवर. हॉलमधली उष्णता ओढून हॉल गार करायचा, अन् त्याच उष्णतेनं वऱ्हाडाच्या आंघोळीचं पाणी तापवायचं. एक पेटी रुसली तर बाकीच्या सात, पैऱ्याला आलेल्या शेजाऱ्यांगत, तिचं काम उरकत्यात. धूर न्हाई की धडधड न्हाई. बसवणारे शिवतेज इंजिनिअर मला म्हणाले, दोन्ही पाइपांवर ओळखीला एकेक अक्षर टाका. मी झोकात टाकलं. गरमवर ‘ग’. अन् गारवर ‘ग’. (हसू नका, आवं! रंगाचा डबा एकच होता.)

परवा लग्नाच्या पहाटे चाव्या फिरवताना मी एका ‘ग’च्या जागी दुसरा ‘ग’ धरला. मार्गशीर्षाची थंडी, त्यात न्हाणीत बर्फागत पाणी! नवऱ्याकडची मंडळी बोंबलत बाहेर आली. नवरदेवाचे वडील मात्र रिटायर सुभेदार, ते कसले माघार घेत्यात? ओठ निळे पडले तरी पुरे बारा तांबे अंगावर घेतले. चूक हुडकेपर्यंत मुहूर्त आला. हॉलमध्ये गरम वारा सुटलेला. भटजींनी मंगलाष्टकं दोनातच आटोपली, नवरीचा मेकअप गळ्यापतोर उतरला अन् मठ्ठा जेवणाआधीच संपला.

काकी म्हणाल्या, सुभेदारांचा राग गेला तर राहा, न्हाईतर सोमवारपासून येऊ नको. दाजी, अठरा वर्षं इथं काढली. लय भ्या वाटतंय. शिवतेजरावांनी आता गार पाणी न्हाणीत जाणारच न्हाई अशी जोडणी केलीय, पण माझं काय?

तुमचा मेव्हणा,
गुंडा

ता. क. : सुभेदार तुमच्याच पलटणीतले. तुमी एक शब्द टाकला तर नोकरी वाचंल. (फोनवर रडू आलं असतं, म्हणून पत्र.)

ता. क. दुसरा : शब्द टाकू नका. पाकीट चिकटवताना सुभेदार स्वतः आले. म्हणाले, लडाख सोडल्यापासून अशी आंघोळ घडली नव्हती. धाकट्याचं लग्न मे महिन्यात इथंच, अन् पाणी तसलंच पाहिजे. काकी लगेच व्हय म्हणाल्या. आता नोकरी पुन्हा माझ्याच गळ्यात. शिवतेजराव तर हात लावायला तयार न्हाईत. तुमी फौजेत मेकॅनिक होता. मेच्या आत या, अन् तेवढी चूक परत जोडून द्या.