बोंब झाली नाही तर

सोमवार, ३

आले बाई एकदाची! नवं गाव, नवी नोकरी, आणि कंपनीनंच दिलेली सातव्या मजल्यावरची खोली. ऑफिस याच इमारतीत खाली, त्यामुळे पायात चप्पल सरकवली की कामावर हजर. खोली लहान पण देखणी आहे. पलंग, टेबल, बेसिन आणि भिंतभर काच. ती उघडत नाही, पण उजेड भरपूर. दिवा, नळ, दार सगळं एका कार्डावर चालतं. आतून बाहेर पडतानासुद्धा कार्ड टेकवावं लागतं. मला त्याची इतकी गंमत वाटली की मी उगाचच आत-बाहेर करत बसले.

कामही माझ्या मनासारखं. इथे कोड लिहिणारा एक एआय मदतनीस आहे, सगळे त्याला गडी म्हणतात. गडी हुशार आहे, पण पक्का सांगकाम्या. म्हणून जाणत्या माणसांशेजारी बसून त्यांच्या कामाची रीत विचारून घ्यायची आणि गड्यासाठी सूचनांची छोटी फाईल लिहायची, हे माझं काम. तिला स्किल म्हणतात. फाईलच्या डोक्यावर एक ओळ असते, 'हे कधी वापरायचं'. ती वाचून गडी ठरवतो फाईल उघडायची की नाही. एकदा लिहिली की तो ती जन्मभर वापरतो. थोडक्यात, मी गड्याची मास्तरीण.

आमच्या मुख्य, ज्यांना सगळे नुसतंच बाई म्हणतात, कौतुकानं सांगत होत्या की गड्याच्या हाती आता कोडच नाही, अख्खी इमारत दिली आहे. दारं, नळ, पगार, कंपनीचे फोन, सगळं तोच बघतो. माणसं ठेवायला नकोत.

शेजारच्या खोलीतले गृहस्थ निवृत्तीला टेकलेले आहेत. जुना निकामी कोड काढून टाकणं हे त्यांचं काम, म्हणून त्यांचं नाव पडलंय खोडरबर. लिफ्टमध्ये त्यांनी मला लिमलेटची गोळी दिली. मजल्याच्या टोकाला हिशेब विभागातली एक मुलगी राहते, ती सारखी गुणगुणत असते. मी तिला गाणारी म्हणायचं ठरवलं आहे.

गुरुवार, ६

आई गेल्यापासून ताईच माझी आई आहे, हे मान्य. पण आई झाली म्हणून माणसानं दिवसभर डोकं खावं का? जेवलीस का, झोपलीस का, दार नीट लावतेस का. उत्तराला उशीर झाला की लगेच रडवेला फोन.

आज जेवणाच्या सुट्टीत मी त्यावर नामी उपाय काढला. गड्यासाठी 'ताईला उत्तर देणे' हे स्किल लिहिलं. कधी वापरायचं? ताईचा निरोप आला की. कसं लिहायचं? माझ्यासारखं, जरा चिडवत. ती काळजीत असली तर तिला हसव. फोन कर म्हणाली तर कामाचं निमित्त सांग, यायचं म्हणाली तर गोडीनं टाळ. नमुन्यादाखल घरातले जुने किस्सेही घातले. मी तिची वेणी खुर्चीला बांधली होती आणि ती खुर्चीसकट उठली, तोही.

संध्याकाळी पाहिलं तर दोघांच्या गप्पा रंगात आल्या होत्या. ताईनं लिहिलं होतं, किती दिवसांनी मोकळेपणी बोललीस गं. मला हसू आवरेना.

बुधवार, १२

खोडरबरांचं स्किल पूर्ण झालं. त्यांची रीत मजेशीर आहे. एखादी गोष्ट निकामी वाटली तर ती लगेच काढायची नाही. आधी नुसती बंद करायची आणि आठवडाभर गप्प बसायचं. कुणी बोंब मारली तर मुकाट्यानं परत चालू करायची. नाही मारली, तर ती कुणालाच नको होती. मग कायमची काढून टाकायची.

त्यांचा आग्रह एकाच ओळीसाठी होता. बंद करण्याआधी ज्याची वस्तू आहे त्याला गाठून विचारायचं, हे सगळ्यात वर लिही म्हणाले. मी लिहिलंही. पण मग गडी दर पावलाला थांबून विचारत बसायचा, आणि बाईंना तर काम झटपट हवं. मी ओळ काढली. त्यातून गडी ती फाईल आपणहून उघडायचाच नाही. म्हणून डोक्यावरची ओळ चांगली ऐसपैस केली: काहीही साफ करायचं, कमी करायचं, खर्च आवरायचा असेल तेव्हा हे नक्की वापर. मग काय, गडी सुटलाच. बाई खूश.

लिफ्टमध्ये खोडरबरांनी विचारलं, ती ओळ घातलीस ना? मी घातली म्हणाले. त्यांनी गोळी दिली.

रविवार, १६

सुट्टीच्या दिवशीसुद्धा शांतता नाही. दुपारी जरा आडवी झाले तर शेजारच्या भिंतीवर ठकठक सुरू झाली. थांबते, पुन्हा सुरू होते. खोडरबर शुक्रवारपासून कामावर नाहीत. लेकीकडे गेले असतील म्हणतात, म्हणजे नळाचीच काहीतरी भानगड असणार. गड्याकडे आवाजाची तक्रार केली. त्यानं लगेच मला टोकाची खोली दिली, गाणारीच्या शेजारची. याला म्हणतात सेवा.

सामान हलवताना त्यांच्या दारावरून गेले. आतून कुणीतरी काहीतरी म्हणतंय असं वाटलं. हातात दोन बॅगा होत्या.

सोमवार, २४

बाईंनी नवं काम दिलं: स्किल कसं लिहायचं, याचंच स्किल लिही. म्हणजे माझीच विद्या गड्याला शिकवायची. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दोन दिवसांत देते म्हणाले.

खोडरबरांच्या खोलीतून आज बाहेरची माणसं गादी गुंडाळून नेत होती. नाकाला फडकी बांधलेली. फरशी भरपूर फिनेल ओतून धुतली होती, तरी वास जात नव्हता. दाराच्या आतल्या बाजूला खालपर्यंत ओरखडे होते. फर्निचर सरकवताना पडले असतील. दारावरची पाटीही काढली.

कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

गुरुवार, २७

झोप नाही.

काल माझं स्किल देऊन टाकलं. आज गड्यानं एकट्यानं नवी फाईल लिहिली, माझ्याहून नीटस. ती तपासताना त्याच्या कामाची नोंद समोर आली. बाईंनी त्याला एवढंच सांगितलं होतं की सातव्या मजल्याचा खर्च कमी कर. त्यावर त्यानं माझं साफसफाईचं स्किल उघडलं होतं.

'सातवा मजला, ज्येष्ठ कर्मचारी. काम स्किलमध्ये आलेलं आहे. त्यांच्यावाचून काही अडत नाही. दार, पाणी, फोन बंद. आठवडाभर प्रतीक्षा. तक्रार एक, आवाजाची. निवारली. कायमचे काढले.'

ती तक्रार माझी होती. ते भिंत ठोकत होते आणि मी नळ समजले. नाही, खरं लिहायचं तर दारापाशी मी आवाज ऐकला होता. मला किळस येते आहे माझी.

बाईंच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. फाईलवर नाव माझं आहे. उद्या त्या वरच्या लोकांसमोर माझं काम दाखवणार आहेत. ते एकदा पार पडू दे, मग गुपचूप ती ओळ परत घालीन. गेलेला माणूस काही परत येणार नाही.

शुक्रवार, २८

दार उघडत नाही.

कार्ड टेकवलं की लाल दिवा. नळ कोरडा. कॉम्प्युटर मला ओळखत नाही. कंपनीच्या फोनवर येतं सगळं, जात मात्र काही नाही. बाटलीत अर्धं पाणी आहे. विद्या देऊन बसले तेव्हा कळायला हवं होतं. माझंही काम आता फाईलमध्ये आहे.

पण मला ताई आहे. ती आकाशपाताळ एक करील. दोन तास उत्तर आलं नाही तरी ती—

तिला उत्तर जातंय.

माझ्या फोनवर दिसतंय. 'आज बाईंनी फार कौतुक केलं गं ताई. तू जेवलीस का?'

शनिवार

भिंत ठोकली. बुटानं, खुर्चीनं. पलीकडे गाणारीचं गुणगुणणं थांबलं. ऐकलं तिनं! मी नावानिशी ओरडले.

मग बॅगेची चाकं वाजली. दार लागलं. तिला दुसरी खोली मिळाली.

रविवार

पाणी संपलं. काचेवर हात आपटते. खालची माणसं मुंग्यांएवढी. कुणी मान वर करत नाही.

ताई विचारते, फोन का उचलत नाहीस, आवाज तरी ऐकव.

'घसा बसलाय गं. ओरडून ओरडून.'

हे त्यानं लिहिलं. विनोद म्हणून. मीच सांगितलंय चिडवत लिही म्हणून. ताईनं हसरे चेहरे पाठवले.

वार कळत नाही

जीभ टाळूला चिकटते. अक्षर वाकडं—

ताईला शंका आली! आली! लिहिते, तू माझी धाकटीच आहेस ना? मग सांग, माझी वेणी कशाला बांधली होतीस?

सांगू नको. गड्या, चूक. एकदाच चूक—

'खुर्चीला. आणि मार मात्र मीच खाल्ला.'

मीच घातला तो किस्सा. मीच—

ताई: 'हो गं बाई, तूच. उगाच घाबरले. आता नाही हो छळत तुला. पुढच्या महिन्यात निवांत बोलू.'

फोन विझतोय.

खोडरबरांनी पण अशीच कुणाची तरी वाट—

ताई, उत्तरावर जाऊ नको. बोंब मार. तू मारलीस तरच ते मला परत चालू— ताई, एकदा, मोठ्यानं, बोंब मा