विहीरवाल्यानं बांधलेलं धुराडं

आत्याबाई, तुमचं धुराडं उतरवलं. पंधरा दिवस झाले. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं, आणि घरात आता मोठी मीच उरले आहे, म्हणून लिहायला बसले. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतं असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं. तुम्ही असताना त्या धुराड्याच्या एका दगडाला हात लावायची कुणाची छाती होती? मामंजींची नव्हती, तुमच्या लेकाची नव्हती, मग माझी कुठली असणार.

ते बांधलं तेव्हा मी या घरात आलेही नव्हते. पण तुमच्या तोंडून ती हकिकत इतक्यांदा ऐकली आहे की मी तिथे उभी होते असंच वाटतं. मामंजी कापसाची गाडी घेऊन परतूरच्या बाजाराला गेलेले, तुम्ही सोबत. बाजारात माप व्हायला उशीर, म्हणून तुम्ही पाणी मागायला स्टेशनजवळच्या रेल्वेच्या एका क्वार्टरमध्ये शिरता. आत ती बाई भाकरी थापते आहे, चूल धडधडून पेटली आहे आणि तिचे डोळे कोरडे. तुम्ही पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून धूर जातो कुठे ते शोधत राहिलात. शेवटी चुलीवर वाकून वर बघितलंत तर आभाळाचा तुकडा. त्या बाईला तुम्ही वेड्या वाटल्या असणार. घरी आल्या आल्या मामंजींना सांगून टाकलंत की आपल्याला तसलं धुराडं पाहिजे, आणि ते होईपर्यंत पावसाळ्यात मी चूल पेटवणार नाही. आपलं घर काळ्या दगडाचं, भिंती हातभर जाड, वर मातीचं माळवद. धूर जायला छताला एक भोक, तेही पाऊस लागला की झाकायचं. म्हणजे चार महिने सगळा धूर बायकांच्या डोळ्यांत. तुमच्या सासूबाईंना शेवटी शेवटी माणूस आवाजावरून ओळखावं लागायचं, हे तुम्ही बघितलं होतं.

अडचण एवढीच होती की आसपासच्या चार गावांत धुराडं कुणी बघितलेलं नव्हतं, मग बांधणार कोण? दगडाचं काम चांगलं करणारा एकच माणूस, तो विहिरी बांधायचा. त्याला तुम्ही सगळं समजावून सांगितलंत: खाली तोंड, वर तोंड, मधून पोकळ. तो म्हणाला, "मंग वैनी, ही तर विहीरच झाली. जमिनीच्या खाली न्हाई, वर बांधायची." आणि खरोखर त्यानं विहीर बांधली. चुलीमागच्या भिंतीला धूर जायला भोक पाडलं, आणि त्या भिंतीला लागून बाहेरच्या बाजूनं, गोल, माणूस आत उभा राहील एवढी रुंद, माळवदाच्या वर पुरुषभर उंच. एवढंच नाही, विहिरीत उतरायला जसे पाय ठेवायचे दगड भिंतीतून पुढे काढतात, तसे आतून वरपर्यंत काढले. ज्या हातानं तीस वर्षं विहिरी बांधल्या, त्या हाताला दुसरं काय सुचणार? तुम्ही ते दगड तसेच राहू दिलेत. रेल्वेच्या धुराड्यात असतीलच, आपल्याला खालून दिसले नसतील, असं तुम्हाला वाटलं, हे तुम्ही मला फार उशिरा सांगितलंत, आणि सांगताना पदरात तोंड खुपसून हसलात.

मी लग्न होऊन आले ती घनसावंगीकडच्या एका खेड्यातून. माझ्या माहेरी सांगितलेलं की मुलगी धुराड्याच्या घरात पडते आहे, डोळ्यांना त्रास नाही. पहिल्याच सकाळी मी चुलीपुढे बसले आणि धूर थोडा वर गेला, मग परत फिरला आणि सगळा माझ्या अंगावर आला. रुंद धुराड्यात वरून वारा शिरायचा आणि त्या पाय ठेवायच्या दगडांना अडखळून धूर खाली यायचा. हे मला पहिल्या आठवड्यात कळलं. तुम्हाला तर बांधल्याच्या पहिल्या दिवसापासून माहीत असणार. पण तुम्ही माझ्या शेजारी लाल डोळ्यांनी बसून मान वर करून म्हणायच्या, "बघ, कसा सरळ चाललाय." एकदा शेजारच्या बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या आणि मला खोकल्याची उबळ आली. त्या गेल्यावर तुम्ही मला जे झापलंत ते अजून कानात आहे. "खोकायचं आसल तर गोठ्यात जाऊन खोक. लोक म्हंतील, एवढं बांधलं अन् चालत न्हाई." मला त्या दिवशी इतका राग आला की रात्री जेवले नाही. वाटलं, या बाईला सुनेच्या छातीपेक्षा दगडाची अब्रू मोठी.

दसऱ्याच्या आधी मात्र तुम्ही स्वतः आत शिरायच्या. काष्टा घट्ट मारायच्या, डोक्याला फडकं, हातात केरसुणी, आणि त्या दगडांवर पाय ठेवत काजळी खरवडत वर. दुसऱ्या कुणाला करू द्यायच्या नाहीत. एका वर्षी मी अंगणातून बघते आहे, माळवदाच्या वर धुराड्यातून आधी केरसुणी बाहेर येते, मग तुमचं काळंठिक्कर डोकं. गल्लीतून एक पाहुणा चालला होता, तो जागच्या जागी थांबला. तुम्हाला त्याचं काही नाही. तिथूनच मला ओरडून सांगितलंत की आपल्या वावरातलं पाणी बांध फोडून शेजाऱ्याकडं चाललंय, जल्दी कुणाला तरी पाठव. त्या दिवशी मला तुमचा पहिल्यांदा अभिमान वाटला. त्याआधी भीती वाटायची.

आणि मग गॅस. मला दिवस गेले होते, धुरानं माझ्या पोटात अन्न ठरत नव्हतं. गावात तेव्हा गॅस एका मास्तरांकडे सोडून कुणाकडे नव्हता. तुम्ही मामंजींच्या मागे लागून परतूरला खेटे घालायला लावले आणि शेगडी आणवलीत. लोकांना काय सांगितलंत? "सून शिकलेली हाय, तिला चूल जमत न्हाई." मी सातवी पास, शेणानं घर सारवणारी, आणि अख्ख्या गावात मी चूल न जमणारी ठरले. मी चिडले, ह्यांना बोलले, माहेरी जाऊन रडले. धुराड्याला नावं ठेवायची नव्हती म्हणून तुम्ही मला नावं ठेवलीत असंच मी कितीतरी वर्षं धरून बसले. आता वाटतं, जे तुम्ही हट्टानं बांधून घेतलंत, ज्याच्यासाठी तुम्ही स्वतःचे डोळे जाळले, ते माझ्यासाठी एका दिवसात बंद केलंत. त्या दिवसापासून त्यात कधी धूर गेला नाही. मला बोल लावणं ही त्याची भरपाई समजा. स्वस्तात सुटले मी.

तुम्ही गेलात, नंतर मामंजी, सहा वर्षांपूर्वी हे गेले. धुराडं तसंच उभं होतं. पारव्यांनी घरटी केली, पावसाचं पाणी आतून उतरून भिंतीला ओल धरायला लागली. यंदा पावसाळा सरता सरता वरचे दोन दगड सुटले आणि परसात पडले. कुणी तिथे नव्हतं म्हणून बरं. तुमचा नातू जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तो दुसऱ्याच दिवशी गाडीवर आला, धुराड्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि एक ठेकेदार घेऊन आला. ठेकेदारानं जेसीबीचा हिशेब सांगितला: धुराडं ओढायचं, त्याबरोबर मागची भिंत येणारच, भिंत आली की माळवद येणार, तर एकदाच सगळं साफ करा. माझ्या लेकाला ते पटलं. तो म्हणाला, "आई, तू एकटी इथं काय करून राह्यली? जालन्याला चल. दोन खोल्या हायत, गॅलरी हाय."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला त्या दोन खोल्या माहीत आहेत. तिथे गेलं की बायका दिवसभर गॅलरीत उभ्या राहून रस्ता बघतात. मला माझी गाय, माझं परस, माझ्या भिंती पाहिजे होत्या. भिंत गेली तर घर गेलं, आणि घर गेलं तर मी गेले, एवढा सरळ मामला होता.

दोन दिवस मी परसात बसून त्या धुराड्याकडे बघत राहिले. माझ्या लहानपणी वडिलांच्या वावरातली विहीर एका अंगाला खचली होती. ती बांधणाऱ्यानं ती कशी मोकळी केली ते मी काठावर बसून बघितलं होतं. वरून एक एक थर, गोल फिरत, त्या पाय ठेवायच्या दगडांवर उभं राहून. विहीर बांधणारा माणूस कशाला टेकून बांधत नाही, त्याचं दगडांचं गोल कडं स्वतःच्या जोरावर उभं असतं, हे तेव्हा वडिलांनी सांगितलेलं. मग माझ्या डोक्यात आलं की ज्यानं विहीर म्हणून धुराडं बांधलं, त्यानं ते घराच्या भिंतीत गुंतवलंच नसणार. नुसतं लागून उभं केलं असणार. जेसीबीची गरजच नव्हती.

हे मी लेकाला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि ठेकेदाराकडे बघून हसला. आईला काय कळतं, असं तोंडानं म्हणाला नाही, पण म्हटल्यासारखंच. ठेकेदार म्हणाला, दगडी काम असंच अंदाजानं नसतं, काकू. तेव्हा मी सरळ खोटं बोलले. म्हणाले, "आत्याबाईंनीच मला सांगून ठेवलंय. धुराडं भिंतीत गुंतवलेलं न्हाई. काढायची येळ आली तर विहिरीसारखं वरून उतरवा, आसं म्हनाल्या होत्या."

आत्याबाई, तुम्ही असं कधीही म्हणाला नव्हतात. काढायची वेळ येईल हेच तुम्हाला मान्य नव्हतं. पण तुमचं नाव काढल्याबरोबर लेकाचं हसू बंद झालं. तो ठेकेदाराला म्हणाला, राहू द्या.

अंबडकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं, त्याच्या घरात विहिरींचंच काम. त्यानं आत डोकं घालून वर बघितलं, आतल्या एका दगडावर पाय देऊन बघितला. मग म्हणाला, "काकू, बिलकुल विहीर हाय ही. कुणाच्या डोक्यातून निघाली?" तो आणि त्याचा भाऊ आतल्या दगडांवर उभे राहून वरून एक एक दगड सोडवत खाली द्यायला लागले. परांची बांधायलाही लागली नाही, आतल्या पायऱ्या होत्याच. ज्या दगडांनी इतकी वर्षं धूर अडवला, त्यांच्यावरच काम झालं. पण पहिले दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. माळवदाच्या वरचा भाग सुटा होता हे तर कुणालाही दिसत होतं. खरी परीक्षा माळवदाच्या खाली होती. तिथे एक जरी दगड भिंतीच्या आत गेलेला असता तर भिंत फाकली असती, आणि मी तुमच्या नावावर घर पाडलं असं झालं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री माळवदाच्या खाली एक थर उतरला. मी परसात उभी, लेक माझ्या शेजारी, त्यानं सुट्टी काढली होती. मिस्त्रीनं धुराडं आणि भिंत यांच्या मधली माती बोटानं उकरली, मग पंजा घातला, मग कोपरापर्यंत हात आत गेला. मधे नुसती माती भरलेली होती. "सुट्टंच हाय," तो म्हणाला. "बराबर सांगितलं तुमच्या सासूबाईनी."

सहा दिवसांत काम झालं. भिंतीला तडा नाही. धूर जायचं भिंतीत जे भोक होतं तिथे खिडकी बसवली, स्वयंपाकघरात इतका उजेड कधीच नव्हता. दगड परसात रचून ठेवले आहेत, गायीच्या दावणीला कामी येतील. लेकानं जालन्याला चल हा विषय काढला नाही. जाताना म्हणाला की पुढच्या उन्हाळ्यात माळवदाची माती बदलून घेऊ. मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

आता तो ज्याला त्याला सांगत सुटला आहे. पारावर, कारखान्यात, सोयऱ्यांना फोनवर. आमच्या आजीनं बांधतानाच ठरवून ठेवलं होतं, वीस वर्षांपूर्वी मेलेल्या बाईनं घर वाचवलं, तिला ते कडं कसं उभं आहे ते माहीत होतं. परवा शेजारची सून मुद्दाम बघायला आली आणि हात जोडून म्हणाली की काय डोकं होतं तुमच्या सासूबाईंचं. मी मान हलवली. चहा केला. तुमचं कौतुक ऐकून मला बरंच वाटतं, ते तुम्हाला मिळायलाच हवं, त्या धुराड्याच्या कौतुकासाठी तुम्ही काय कमी धूर खाल्लात.

पण आत्याबाई, ते डोकं माझं होतं. विहीर मी आठवली, हिशेब मी जुळवला, सहा दिवस जीव मुठीत मी धरला. एवढं एका माणसाला तरी माहीत असावं म्हणून हे लिहिलं. हे पत्र पाठवणार कुठे? ठेवते कपाटात, खिडकीच्या पावतीखाली. पुढच्या उन्हाळ्यात माळवदाचं काम काढलं की लेक ते कपाट हलवणार, कागद उचकणार. त्याच्या हाती हे लागू नये म्हणून दुसरीकडे ठेवावं असं दोनदा मनात आलं. ठेवलं नाही.